सुलभाला काय आवडतं

मालवणला घर घ्यायचं, हे मी निवृत्तीच्या आधीच ठरवलं होतं. लहानपणी मे महिन्यात तिथे मामाकडे जायचो; समुद्राची ओढ तेव्हाची. तिथलं एक घर बघायला मी आणि माझी बायको सुलभा पुण्याहून निघालो.

सावंतवाडीला एसटी बदलायची होती. मधल्या वेळात तळ्यापाशी गेलो. सुलभा काठावर सावलीत टेकली आणि म्हणाली, जरा बसूया. बस चुकेल म्हणून मी तिला उठवलं. बस आली ती तासभर उशिरा.

मालवणच्या बंदरात होड्या लागलेल्या, मासळीच्या लिलावाचा गलका चाललेला. रिक्षात मी तिला मामाच्या गोष्टी सांगत होतो. घर जांभ्या दगडाचं, पुढे खळं (सारवलेलं अंगण), माडांआडून दिसणारं पाणी. मालकीण सरितावहिनींना मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की आम्हाला पसंत आहे.

त्यांनी जेवायला थांबवून घेतलं. बांगड्याचं तिखलं (तिरफळं घातलेलं दाट कालवण), भात आणि सोलकढी. वाढता वाढता त्यांनी सुलभाला विचारलं, "वैनी, तुमका बरा वाटला काय घर?"

"ह्यांना फार आवडलंय."

"त्येंचा कळला. मी तुमका विचारतंय."

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मग ताटाकडे बघत म्हणाली, समुद्राच्या आवाजाने तिला झोप लागत नाही.

लग्नापासून आम्ही सुट्टीला समुद्रावरच जात आलो. तिने कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. सरितावहिनी भात वाढत राहिल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना त्यांना म्हटलं, मघाचा शब्द धरू नका. हे सांगताना मान वर होईना.

परतीच्या बसमध्ये सुलभाला विचारलं, तुला कुठे राहायला आवडेल? कुडाळ मागे पडलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हाला काय आवडेल तेच बघत आले. आता शोधावं लागेल."

पुण्याला येऊन महिना होत आला. घराचं काय झालं, असं लोक विचारतात. अजून ठरलं नाही, एवढंच मी सांगतो. परवा आम्ही दोघं शेजारी गेलो होतो. शेजारच्या बाईंनी सुलभाला चहा करू की कॉफी, असं विचारलं, तर तिची नजर आधी माझ्याकडे वळली. मी मान खाली घातली.