रंगाऱ्याची हिरवी पूड

रंगारी तसा ठणठणीत माणूस. सगळी हयात भिंती रंगवण्यात गेली, पण साधी सर्दी त्याच्या वाटेला गेली नाही. अशा माणसाच्या डोक्यात मेहुण्याने भरवून दिलं, की रंगाच्या वासाने आतडी सडतात. हा मेहुणा म्हणजे हात लावील तो धंदा बुडवणारा. सध्या तो बिनलेबलच्या बरण्यांतून हिरवी पूड विकत होता. पोट साफ, रक्त साफ, आणि झाडपाल्याने का कुणाला अपाय होतो?

रंगाऱ्याची बायको रोज सकाळी ती पूड कोमट पाण्यात कालवून देई. त्या पाण्याला शेवाळलेल्या टाकीसारखा वास. नवरा नाक दाबून प्यायचा आणि उमासे हिला यायचे. पण पाठचा भाऊ पडला, नाही कसं म्हणणार?

पुढे नवऱ्याचं अन्नावरचं मन उडालं. अंगभर खाज सुटली, डोळे पिवळे झाले. दुसऱ्या कुणी पूड बंद केली असती. हा पडला रंगारी. जुना डाग वर आला की आणखी एक हात मारायचा, एवढंच त्याला ठाऊक. आतली घाण बाहेर पडतेय म्हणत त्याने एकाचे दोन चमचे केले. कर्म!

दवाखान्यात दाखल केल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसली औषधं चालू आहेत? रंगाऱ्याने कसलीच नाहीत म्हणून मान हलवली. पूड म्हणजे काय औषध? शिवाय मेहुण्याचं नाव निघायला नको. लिव्हर झपाट्याने खराब होतंय, बाई म्हणाल्या, आणि कशाने ते कळल्याशिवाय उपचार करणं अवघड आहे.

बायकोने पिशवीतून बरणी काढून टेबलावर ठेवली. इथेही सकाळी द्यायची म्हणून तिने ती सोबत आणली होती. आपल्याच हातांची तिला शिसारी आली.

बाईंनी पूड तपासायला पाठवली आणि ती आजपासून बंद म्हणून बजावलं. लिव्हर सावरेल की नाही, ते आत्ताच सांगता येणार नव्हतं.

संध्याकाळी मेहुणा आला. खिशातून नवी बरणी काढत हळूच म्हणाला, "ताई, ही खास लिव्हरची. दाजींना गुपचूप दे, डॉक्टरांना कळू देऊ नकोस."

तिने झाकण उघडलं. तोच कुबट वास. तिने चमचाभर पूड काढून त्याच्या तोंडासमोर धरली.

"आधी तू घे."

तो मागे सरकला. "मला कशाला? मला काय झालंय?"

तिने कॉटकडे पाहिलं.

"त्यांना तरी काय झालं होतं?"