बुफेतली विहीण

माझ्या दोन्ही बहिणींच्या लग्नांत आई मुलीची आई होती. म्हणजे काय, ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. विहिणीच्या पंगतीत ताटांभोवती रांगोळ्या, उदबत्त्या, आणि आई पदर खोचून वाकून वाकून वाढतेय, "विहीणबाई, अजून एक जिलबी, माझ्यासाठी म्हणून." थोरलीच्या सासूबाईंनी दर वेळी "नको, अगदी नको" म्हणत जिलब्यांचं अख्खं ताट संपवलं, हे आई पुढे कितीतरी वर्षं रंगवून सांगायची. त्यात राग नसायचा. माझा एक मुलगा आहे, माझीही पाळी येईल, एवढंच त्यातून ऐकू यायचं.

पाळी आली ती अशी. मी स्टुटगार्टच्या स्टांडेसाम्टमध्ये, म्हणजे सरकारी विवाहनोंदणी कचेरीत, एका कामाच्या दिवशी लग्न केलं. बायको इथलीच, आल्बच्या पठारावरच्या एका छोट्या गावातली. आईचा व्हिसा वेळेवर आला नाही. एकुलत्या एक मुलाचं लग्न तिने पुण्यात सोफ्यावर बसून फोनवर पाहिलं, आणि त्यातही अर्धा वेळ फोन धरणाऱ्या मित्राचा अंगठाच दिसत होता. "छान झालं हो," म्हणाली. ना अक्षता, ना पंगत. आईच्या "छान झालं"चे निदान चार प्रकार आहेत आणि मला ते सगळे ओळखू येतात. हा चौथा होता.

पुढच्या वर्षी एप्रिलात ती आली. बाबांना विमानप्रवास झेपत नाही, म्हणून एकटीच. ती आल्याचं कळताच माझ्या सासूबाईंचा फोन आला. त्यांच्या गावात एक जुना गास्टहोफ आहे, खाली खाणावळ आणि वर राहायच्या खोल्या. तिथे रविवारी दुपारी बुफे असतो आणि साध्या घरगुती श्वाबी, म्हणजे याच मुलखातल्या, जेवणासाठी लोक लांबलांबून गाड्या काढून येतात. सासूबाईंना तिथे आईला जेवायला न्यायचं होतं. मी आईला तसं सांगितलं. तिने बॅगेच्या तळातून जांभळी पैठणी काढली. ती माझ्या लग्नासाठी घेतलेली होती आणि तिची घडी अजून मोडलेली नव्हती.

रविवारी सकाळी निघालो. गाडी बायको चालवत होती, आई मानाने पुढे, आणि मी मागे डबे, पाण्याच्या बाटल्या आणि विहिणीसाठी आणलेली रेशमी साडी मांडीवर घेऊन. ऑटोबानवर नेहमीप्रमाणे श्टाऊ लागला. गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या आणि आई बायकोला "विहीणबाई" म्हणायला शिकवत होती. पठाराचा चढ सुरू झाला तशी ती मागे वळून मला म्हणाली, "हे बघ, मला मानपान वगैरे काही नको हं. त्यांना उगाच अवघडल्यासारखं व्हायला नको."

"बरं," मी म्हणालो आणि खिडकीबाहेर बघून हसलो. मानपान नको म्हणणारी वरमाई आणि भूक नाही म्हणणारा जावई, दोघांवर विश्वास ठेवणाऱ्याने आपल्याकडे संसार करू नये.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. ठेवणीतलं निळं जाकीट, कॉलरवर आजीच्या वेळची पिन, केस नुकतेच सेट केलेले. सासरे बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेत, त्यामुळे त्या एकट्याच. त्यांनी हात पुढे केला, आईने हात जोडले, मग आईने हात पुढे केला तर त्यांनी जोडले. शेवटी दोघी हसल्या आणि मिठी मारून मोकळ्या झाल्या. आईने साडी दिली. मुलाच्या आईने मुलीच्या आईला साडी देणं ही उलटी गंगाच, पण आई त्या दिवशी भलतीच उदार होती. मला मनातून फार बरं वाटलं. जमतंय की, म्हटलं.

टेबलाशी बसल्यावर सासूबाईंनी मला सांगितलं, आणि मी आईला, की त्या शुक्रवारी स्वतः इथल्या स्वयंपाकघरात येऊन गेल्या होत्या. श्वाबी माणूस बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं पाणी घालतो आणि त्यात बदल सुचवणं म्हणजे पुणेकराला अळूच्या भाजीत गूळ घालू नका म्हणण्यासारखं आहे. सासूबाईंनी आचाऱ्याशी वाद घालून आईसाठी भाज्यांच्या पाण्यातलं सॅलड करून घेतलं होतं. शिवाय बिनमांसाच्या प्रत्येक पदार्थात हिरव्या कागदाची छोटी पताका खोचायला लावली होती, म्हणजे आईला कोणाला काही विचारायला लागू नये, कोणाचे उपकार नकोत, हवं ते हवं तितकं घेता यावं. त्यांच्या लेखी पाहुण्याचा यापेक्षा मोठा मान नव्हता.

"कशाला एवढा त्रास घेतला," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मग सासूबाईंनी हसून पदार्थांच्या टेबलाकडे हात केला. "बिटे!" म्हणजे, घ्या.

बायको उठली, मी उठलो, शेजारच्या टेबलांवरचे म्हातारे-म्हाताऱ्या ताटल्या घेऊन रांगेत लागले. आई बसून राहिली. पैठणीचा पदर नीट मांडीवर घेऊन, हसतमुखाने, ताठ. मला क्षणभर कळेना ही का उठत नाही. मग कळलं. विहीण उठून स्वतःचं ताट वाढून घेत नाही. आईने आयुष्यात दोन पंगती वाढल्या होत्या आणि या तिसऱ्या पंगतीत ती पाटावर होती.

मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "आई, इथे आपलं आपण घ्यायचं असतं."

"माहितीय मला. लग्नाकार्यात बुफे बघितलेत मी," ती म्हणाली. आणि उठली. रांगेत उभी राहिली, पुढच्या बाईंसारखी ताटली धरली. परत आली तेव्हा ताटलीत दोन उकडलेले बटाटे आणि सॅलडचं पान होतं. तिकडे परातीएवढ्या भांड्यात चीज आणि तळलेला कांदा घातलेले श्पेट्झलं, म्हणजे इथल्या जाडसर शेवया, वाफाळत होते, अळंब्यांच्या दाट रश्शात पावाचे गोळे होते, आणि त्या ऐतिहासिक सॅलडचा डोंगर होता. सगळ्यांवर हिरव्या पताका. आईने त्यातलं काहीही घेतलं नव्हतं. पाहुण्याने पहिल्यांदा थोडंसंच घ्यायचं असतं. बाकीचं यजमानाने वाढायचं असतं.

तिने ते बटाटे फार हळूहळू खाल्ले. सासूबाईंनी ताटलीकडे पाहिलं आणि काळजीने विचारलं, "अजून काही आणू का?"

मी भाषांतर केलं. आई लाजून हसली. "नको, नको. भरपूर झालं."

मी तेही सांगितलं. सासूबाईंनी मान डोलावली आणि त्या आपल्या ताटलीकडे वळल्या. झालं, संपलं. आईचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण ती वाट बघत होती, हे मला सख्ख्या मुलाला दिसत होतं.

मी सासूबाईंना म्हटलं, "तिला परत एकदा विचारा ना."

"पण नको म्हणाली ना ती?" त्या गोंधळून म्हणाल्या. "तूच सांगितलंस."

मी मग स्वतःच उठलो आणि एक ताटली शिगोशीग भरून आईपुढे ठेवली. तिने ती बोटाने माझ्याकडे सरकवली. "तू नको वाढूस," ती हळूच म्हणाली, "तू माझा मुलगा आहेस." ती ताटली मी खाल्ली. मी आजवर खाल्लेले ते सगळ्यात चविष्ट श्पेट्झलं होते.

निघताना आई पाय दुखतात म्हणून आधीच गाडीत जाऊन बसली. मी आणि बायको जाकिटं घालत होतो, तेवढ्यात सासूबाई लगबगीने स्वयंपाकघरातून आल्या. हातात सफरचंदाच्या गरम श्ट्रूडलचा डबा होता. आईने गोडाला हात लावला नव्हता म्हणून मुद्दाम बांधून घेतला होता. त्या पार्किंगमध्ये गेल्या, मी दारातून बघत होतो. गाडीपाशी पोचल्या आणि थबकल्या. आत आई रस्त्यासाठी आणलेली थालीपिठं खात होती. भूक लागलेलं माणूस खातं तशी, पटापट, खाली मान घालून. पैठणीवर रुमाल अंथरला होता.

सासूबाई क्षणभर उभ्या राहिल्या आणि काच न वाजवता मागे फिरल्या. डबा लेकीच्या हातात दिला. "थकलीय ती," एवढंच म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर गाडी ऑटोबानला लागली. मग आई म्हणाली, "बाई फार चांगली आहे हो. पण एकदाच विचारलं."

"अगं, इथे नको म्हणजे नको असतं."

"कळतं रे मला. मी काय रोज येणारेय का?"

तिने त्यावर उपाय काढला होता. पुढच्या रविवारी विहिणीला घरी बोलवायचं, पुरणपोळ्या करायच्या आणि आग्रह म्हणजे काय असतो ते दाखवायचं. डाळ भिजत घालायच्या आदल्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. सर्दी झालीय, आणि आईंना माझ्यासाठी त्रास नको. आईने ऐकलं आणि म्हणाली, "छान." पुरण तिने केलंच नाही. दोन आठवड्यांनी ती पुण्याला गेली.

पुन्हा येणार, येणार म्हणता बाबांचं आजारपण निघालं, आणि ते सावरले तोवर आईचं. व्हिडिओ कॉलवर दोघी विहिणी एकमेकींना हात हलवायच्या, हवा कशी आहे ते विचारायच्या. एका टेबलाशी पुन्हा कधी बसल्या नाहीत. आई मात्र पुण्यात सगळ्यांना सांगायची, माझ्या जर्मन विहिणीने माझ्यासाठी बघा आचाऱ्याशी भांडण केलं, इतके पदार्थ होते की कुठलं घेऊ आणि कुठलं नको. बटाट्यांचं तिने कोणालाही सांगितलं नाही. मोठ्या मनाची होती माझी आई, आणि तिची ती एक साधी हौस राहिली. याची मला हळहळ आहे, आणि ती जात नाही.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. तेरावं करून मी परत आलो, त्याच आठवड्यात सासूबाई एकट्या ट्रेनने आमच्याकडे आल्या. स्वयंपाकघरात बसल्या. कोट काढला नाही, चहा घेतला नाही.

"माझ्या टेबलावरून ती उपाशी उठली," त्या म्हणाल्या. "गाडीत मी पाहिलं. माझं जेवण तिला खाववत नव्हतं, मग मी कुठल्या तोंडाने तिच्या हातचं खायला येणार होते? सर्दी वगैरे काही नव्हती मला."

मी त्यांना सगळं सांगितलं. विहिणीची पंगत, रांगोळी, जिलब्या. पहिला "नको" रीत म्हणून, दुसरा मान म्हणून, आणि तिसऱ्यांदा विचारलं की पाहुणा ताट पुढे करतो. जेवण तिला हवं होतं, फक्त ते त्यांच्या हातून हवं होतं.

त्या ऐकत होत्या. "आमच्या आईने शिकवलं होतं," त्या म्हणाल्या, "पाहुण्याला एकदाच विचारावं. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नाही असं होतं."

त्यांनी टेबलावरचा माझा हात धरला.

"तीनदाच?" त्या म्हणाल्या. "मी दिवसभर विचारत बसले असते रे."