तिसरी तार

ही गोष्ट मी एका माणसाला सोडून आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आईलाही नाही. चूक माझी आहे, हे पहिल्यांदाच लिहून ठेवतो — नाहीतर लिहिता लिहिता मी ती विसराळूपणावर ढकलून देईन. तेवीस वर्षं मी स्वतःशी तेच केलं आहे.

शहरातल्या एका शाळेत मी गिटार शिकवतो. थोडं वेगळं काही वाजवणारा म्हणून चार लोक मला ओळखतात. चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात ल्यूट नावाचं वाद्य होतं — फुगीर पोटाचं, मान मागं मोडल्यासारखं. मी ते कधी हातात धरलेलं नाही. पण त्याच्यासाठी रचलेलं संगीत गिटारवर वाजवता येतं. त्यासाठी गिटारची तिसरी तार अर्धा स्वर उतरवायची, की ल्यूटचे जुने कागद जसेच्या तसे वाजतात. त्या कागदांवर सूर लिहिलेले नसतात. सहा रेघा, आणि कुठल्या तारेवर बोट कुठं ठेवायचं, एवढंच. म्हणजे वाजवणारा सगळा भरवसा तारेवर टाकून बसतो. तार चुकीची लागली असेल, तर बोट बरोबर पडूनही सूर खोटा येतो.

हे सगळं मला सुगतनं शिकवलं.

सुगत माझा मित्र, पिशोरचा. त्याचे वडील गावात भीमगीतांची पार्टी चालवायचे आणि हा लहानपणापासून त्यांच्या मागं कोरसात उभा राहायचा. मी पाचोडचा, घरी मोसंबीची बाग. म्हणून तो मला 'पाटील' म्हणून चिडवायचा, आमच्यात कुणी पाटील नसताना. कॉलेजात असताना आम्ही दोघं शहराच्या छावणी भागात एका म्हाताऱ्या सरांकडे शिकायला जायचो. गिटार एकच — माझी. मी नेहमीचं वाजवायचो, तेव्हा तार वर. तो ल्यूटचं वाजवायचा, तेव्हा तार खाली. खुंटी दिवसातून दहा वेळा फिरायची. त्यातून एक रिवाज पडून गेला होता: ज्याचं वाजवून झालं, त्यानं तार दुसऱ्यासाठी लावूनच गिटार द्यायची. मी विसरलो की तो म्हणायचा, "ओ पाटील, बैल दुसऱ्याला देताना निदान चारापाणी तर करून द्या की!"

माझं वाजवून झालं की सर "छान" म्हणायचे. त्याचं झालं की काहीच म्हणायचे नाहीत. चष्मा काढून नुसते बसून राहायचे. या दोन गोष्टींतला फरक मला कळत नव्हता का? चांगला कळत होता.

मग या शाळेत शिक्षकाची जागा निघाली. जागा एक आणि आम्ही दोघं. मला ती मिळाली नसती तर मी बागेत गेलो असतो, काही बिघडलं नसतं. त्याच्यापुढं तो एकच रस्ता होता. हे मला तेव्हाही माहीत होतं — हे लिहिलंच पाहिजे.

वाजवून दाखवायला मला आधी बोलावलं. बरं वाजवलं मी. बाहेर आलो तर सुगत दारातच उभा, कपाळ घामानं भिजलेलं. शिपाई त्याचं नाव पुकारत होता. त्यानं गिटार घेतली आणि हळूच विचारलं, "तार उतरवली ना रे?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

विसरलो होतो, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण विसरलेला माणूस विचारल्यावर खुंटीकडे बघतो. मी त्याच्याकडे बघत होतो.

तो आत जाऊन बसला आणि त्यानं थेट सुरुवात केली. पहिल्या दोन ओळी वरच्या दोन तारांवरच होत्या. त्या इतक्या सुंदर आल्या की मला वाटलं, आता दार ढकलून आत जावं. जाता आलं असतं — "सर, तार राहिली," एवढंच म्हणायचं होतं. मग तिसरी तार आली. तो थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. दाराच्या फटीतून मला दिसत होतं — तो खुंटीकडे बघतच नव्हता, आपल्या बोटांकडे बघत होता. खुंटीकडे कशाला बघेल? मी मान हलवली होती. तिसऱ्यांदाही तेच झालं, तेव्हा आत बसलेल्या परीक्षकांपैकी कुणीतरी हसलं आणि म्हणालं, "अभी कच्चा है बेटा, घर जाके रियाज करो."

इथवर मी एखाद्या वेळी कुणाला सांगूही शकलो असतो. यापुढचं नाही.

तो बाहेर आला, गिटार माझ्या हातात दिली आणि नळावर तोंड धुवायला गेला. तेवढ्या वेळात मी खुंटी फिरवली. तार उतरवली. त्याला कळू नये म्हणून. तो परत आला, पायरीवर बसला, गिटार मागून घेतली आणि तीच ओळ वाजवली. बिनचूक आली.

त्यानं गिटार मला परत दिली. मग म्हणाला, "गिटार नीट हाय रे. माझाच कान गेला तिथं."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हो — हात ठेवला.

त्यानंतर त्यानं गिटार धरली नाही. डी.एड. केलं, कन्नड तालुक्यात मास्तर झाला. हातानं उतरवून घेतलेले ल्यूटचे सगळे कागद त्यानं मला देऊन टाकले — "तुला कामी येतील." आले. मी आज जे वाजवतो, ते त्याच्या अक्षरातलं आहे. आमची मैत्री तुटली नाही. माझ्या लग्नात त्यानं पंगतीत वाढलं.

मागच्या वर्षी त्याचे वडील गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी पिशोरला गेलो होतो. मांडवात त्यांच्या पार्टीतली म्हातारी माणसं ढोलकी-पेटी घेऊन बसली होती. एकानं सुगतला हाक मारली, "मास्तर, बाबाचं एक गाणं तू म्हण बरं. लई इच्छा होती त्यांची, दर जयंतीला म्हणायचे, पोरगं एकदा उभं राहू दे." सुगतनं हात जोडले. "नाय काका. माझा सूर सरकतो. बाबाच्या गाण्याची माती नको व्हायला."

मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. मला वाटत आलं होतं, मी त्याची एक नोकरी घेतली. माणूस दुसरी नोकरी करतो, पोरंबाळं होतात, निभतं. पण तेवीस वर्षं हा माणूस आपल्या बापाच्या शेजारी उभा राहून गायला नव्हता — मला काय माहीत होतं? की विचारायचंच नव्हतं?

पंधरा दिवसांनी, एका रविवारी सकाळी, मी पुन्हा पिशोरला गेलो. तो ओट्यावर पोरांच्या वह्या तपासत होता. चहा आला. मी चहाला हात न लावता सगळं सांगितलं — दारातली मान, फटीतून बघणं, नळावर तो गेला तेव्हा फिरवलेली खुंटी. म्हणालो, "तुझ्या बोटांत खोट नव्हती. कानातही नव्हती. ते सगळं मी केलं होतं."

त्यानं लाल पेनाचं टोपण लावलं. वही मिटली. मग विचारलं, "बाबा होते तवा का नाय सांगितलंस?"

"भ्यालो."

त्यानं वह्या बाजूला सारल्या. मी काही मागायला गेलो नव्हतो, त्यामुळं थांबण्यासारखंही काही नव्हतं. उठलो, त्याच्यासमोर हात जोडले आणि म्हणालो, "माझं चुकलं, सुगत. तुझ्याशी चुकलो, आणि बाबांशीही."