सोमाभाऊंची बॅटरी

धानोरा, ११ ऑगस्ट १९६९

मैत्रिणींनो, आपल्या फिरत्या पत्रात फार दिवस लिहिले नाही, रागावू नका. आज मात्र राहवेना.

पंधरा ऑगस्टसाठी माझ्या शाळेतल्या मुलींना थर्माकोलची अक्षरे हवी होती. ब्लेडने भुगा होतो, तापलेल्या तारेने कड साफ येते. शाळेत वीज नाही, म्हणून लाऊडस्पीकरवाल्या सोमाभाऊंची बॅटरी मागवली.

"बाई, हाई बायासनं काम नही शे. झटका बसी," बॅटरी घेऊन आलेले सोमाभाऊ मुलींसमोरच म्हणाले. मुली मागे सरल्या.

"बारा व्होल्टचा कसला झटका, सोमाभाऊ?" म्हणत मी विजेच्या शेगडीची जुनी तार जोडली. ती लालभडक झाली आणि तुटली.

"दखा!" ते हसले.

क्षणभर वाटले, आपण नुसता हट्ट करतोय का? पण तार आखूड होती, म्हणून फार तापली, एवढीच चूक. त्यात बाईपणाचा काय दोष? तिप्पट लांब तार ताणून लावली. लाल न होताच ती थर्माकोलमधून सरसर गेली.

सोमाभाऊंनी कापलेल्या कडेवरून बोट फिरवले. मग हळूच म्हणाले, "मन्हं बी नाव काढी द्या ना, पेटीवर लावाले."

नाव मिळेल, पण माझ्या हातून नाही. हा आडमुठेपणा वाटतो का तुम्हाला? वाटू दे.

उद्याचे काम: सोमाभाऊंचे नाव मुलींकडून कापून घेणे. बॅटरीही मुलींनीच जोडायची, सोमाभाऊंसमोर.