मोतीबिंदू काढला आणि ऐकू यायला लागलं!

परवा कोठीच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून घरी येताना रिक्षात मला हसू आवरत नव्हतं... सकाळीच डोळ्यावरची पट्टी निघाली होती आणि रिक्षावाल्याचं बोलणं मला चक्क आरशातून ऐकू येत होतं! हो, आरशातूनच. सांगते.

माझे कान आधीच कमजोर, मशीन लावते. पण गेलं वर्षभर मशीन लावूनही बोलणं कळेना. अफझलगंजला कानाच्या मशीनच्या दुकानात ते इतक्या वेळा नेलं की दुकानदार मला बघून आधीच मान हलवायचा... मशीन ठीक आहे, म्हणायचा.

मग मी सगळा राग ह्यांच्यावर काढला. निवृत्त झाल्यावर आमच्या ह्यांनी दोन छंद लावून घेतले, ओठांवर उतरणारी झुबकेदार मिशी आणि पुटपुटणं. घरात आम्ही दोघंच. हळूहळू ह्यांनी बोलणंच सोडलं आणि मीही विचारणं सोडलं... फार वाईट वाटायचं हो.

उजवा डोळा माझा पहिल्यापासूनच अधू, त्यात डावाही धुरकट होत गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोतीबिंदू पिकलाय, काढू या. झालं, घरात सल्ल्यांचा पाऊस! मुलगा पुण्याहून म्हणे, लेझरच करा. ह्यांचं म्हणणं, सगळ्यात भारी लेन्स घ्या. मला तर वाटायचं, लेझर म्हणजे नुसता उजेड मारला की मोतीबिंदू गायब...

ठरवायच्या दिवशी डॉक्टरीणबाई थेट ऑपरेशन थिएटरमधून आल्या, तोंडावर मास्क तसाच. बराच वेळ समजावत होत्या. मी आपली प्रत्येक गोष्टीला "हौ, हौ" करत होते.

शेवटी त्यांनी काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "हौ." त्या थांबल्या, माझ्याकडे नीट बघितलं आणि मास्क खाली ओढून, अगदी जवळ येऊन तेच परत विचारलं. "तो आंटी, कौनसा लेन्स?" लख्ख ऐकू आलं!

मास्क वर, काही नाही. मास्क खाली, सगळं. त्या हसायलाच लागल्या, "आंटी, आप कानां से नै, आँखां से सुनरे!"

म्हणजे इतकी वर्षं मी लोकांचे ओठ वाचत होते आणि माझं मलाच ठाऊक नव्हतं! मोतीबिंदूने ओठ धुरकट केले आणि मी शिव्या देत होते मशीनला. हे बाजूच्या खुर्चीत होते... मिशीवरून हात फिरवत राहिले.

मग मास्क काढून उजळणी झाली. लेझरने सुरुवातीचे बारीक छेद घेतात, पण मोतीबिंदू काढून लेन्स बसवावीच लागते. कुठल्या अंतरावरचं स्पष्ट दिसणार ते लेन्स ठरवते, लेझर नाही. माझ्या डोळ्याला नेहमीची पद्धत पुरेल, म्हणाल्या.

साध्या लेन्सने दूरचं छान दिसतं, वाचायला चष्मा लागतो. एकीने दूरचं-जवळचं दोन्ही दिसतं, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. आणि एक दूरचं आणि मधलं दाखवणारी... बारीक अक्षराला तेवढा चष्मा. मधलं म्हणजे किती, विचारलं. त्या म्हणाल्या, टेबलापलीकडच्या माणसाचा चेहरा.

मी पुढचं ऐकलंच नाही. हीच!

आणि काय सांगू... पट्टी निघाल्यावर डॉक्टर, नर्स, आरशात ओठ दिसणारा रिक्षावाला, शेजारीण, सगळ्यांचं ऐकू आलं! फक्त एका माणसाचं नाही. ह्यांचं. मिशीखाली ओठ दिसले तर ना! ते ह्यांच्याही लक्षात आलं असावं.

काल सकाळी मी चहा घेऊन बसले, तर हे बाहेरून आले. समोरच्या खुर्चीत, मुद्दाम उजेडाकडे तोंड करून बसले... मिशी साफ! वरचा ओठ पांढराफटक, अगदी लग्नातल्या फोटोतल्यासारखा. ज्या मिशीला रोज तेल लागायचं, ती माझ्यासाठी न्हाव्याकडे ठेवून आले होते. माझे डोळे भरून आले, आणि नव्या डोळ्याला पाणी चालत नाही म्हणून लगेच टिपले.

हे हळूच म्हणाले, "आता येतं का गं ऐकू?"

एकेक अक्षर कळलं होतं. तरी मी मुद्दाम म्हटलं, "काय?"

परत एकदा बघायचं होतं.