हिल्माच्या आडव्या फांद्या

हिल्मा कोक्कोनेनचा जगात कशावरच विश्वास नव्हता आणि आमच्या गावाचा हिल्मावर. दुकानात घेतलेलं कॉफीचं पाकीट ती तिथेच फोडून हुंगायची. रेडिओवर थंडीचा अंदाज सांगणाऱ्याला "ये की, उभा राहून दाखव माझ्या तळ्यावर!" असं घरबसल्या सुनावायची. मी तिचा शेजारी, आउलिस. मी कधी काडेपेटी नेली, तर मी परत दिली की ती माझ्यासमोर हलवून बघायची.

पण तिचा सगळ्यात जुना वैरी म्हणजे बर्फ. एकतीस हिवाळे तिने तळ्यातल्या बेटांवर टपाल पोहोचवलं. थैली बर्फावर घसरणाऱ्या ढकलगाडीवर, हातात लोखंडी पहार आणि दर दोन पावलांना पुढे एक घाव. एका घावात पहार पाण्याला लागली की आल्या पावली माघारी. दुसऱ्या कुणाच्या पावलांवर पाऊल टाकत ती कधी गेली नाही. म्हणायची, "पावलं सांगतात माणूस गेला. परत आला का, ते त्याच्या बायकोला विचारायचं."

टपालाचं काम सुटलं, सत्तरी उलटली, तरी नोव्हेंबरअखेर तळं गोठलं की पहिली तीच उतरायची. गळ्यात दोरीला दोन दाभणं, पाण्यात पडलंच तर बर्फात रोवून वर यायला. पाठीवर दोरखंड, खांद्याला भोक पाडायचं गिरमिट. काळा, काचेसारखा बर्फ चार बोटं जाड भरला तरच ती मासे धरायला बसायची. वर हिम साचून पांढऱ्या झालेल्या बर्फाला ती 'पांघरूण घेतलेला चोर' म्हणायची.

पहिल्या बर्फाखाली पर्च मासा वेड्यासारखा गळाला लागतो, पण जेमतेम आठ-दहा दिवस. तेवढ्या दिवसांत आमच्याकडे सख्खे भाऊही एकमेकांना जागा सांगत नाहीत. त्यात हिल्मा सगळ्यांची गुरू. निघायची उत्तरेला आणि बसायची दक्षिणेला. भलत्याच ठिकाणी भोकं पाडून कडेला माशाचं रक्त शिंपडून ठेवायची. आम्ही तिथे दिवसभर गळ हलवत बसायचो आणि संध्याकाळी रिकाम्या हातांनी घरी यायचो. इथपर्यंत ठीक होतं. सगळेच करतात.

आडव्या फांद्यांची गोष्ट मात्र वेगळी. बर्फ कच्चा आहे हे ज्याला पहिल्यांदा कळेल, त्याने तिथे स्प्रूसच्या झाडाच्या दोन फांद्या एकमेकींवर आडव्या रोवायच्या, ही आमची रीत. फांद्या दिसल्या की माणूस थांबतो. कुणी रोवल्या, का रोवल्या, विचारत नाही. आणि तीन वर्षांपूर्वी शाळेच्या बसचा ड्रायव्हर रेइयो एका धुक्याच्या सकाळी चुकून अशा फांद्यांच्या पलीकडे गेला, तर तिथे हिल्मा स्टुलावर बसलेली! खाली चांगला वीतभर बर्फ, बाजूला बादली पर्चनी भरलेली. रेइयोला बघून हिल्मा उठली, फांद्या उपटल्या आणि बादली घेऊन चालती झाली.

गाव खूप हसलं. पण त्या दिवसापासून आडव्या फांद्या दिसल्या की प्रत्येकाच्या मनात एकच यायचं: हिल्माचे मासे इथे आहेत.

माझ्याही मनात तेच आलं. तो शनिवार होता, भर दुपार. तळ्याचे दोन भाग जिथे जोडले जातात त्या अरुंद जागेला आम्ही 'गळा' म्हणतो. तिथे फांद्या रोवलेल्या होत्या. हिल्माच्या बुटांचे ठसे फांद्यांपर्यंत आलेले आणि वळून गेलेले. गळ्याखालून पाणी वाहतं, तिथला बर्फ सगळ्यात शेवटी भरतो, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण आदल्या संध्याकाळी तिला जड बादली घेऊन घरी येताना मी खिडकीतून पाहिलं होतं. हो, मी पाळत ठेवून होतो, कबूल करतो. म्हातारी वळून गेल्याचं नाटक करते आणि पहाटे पलीकडून येऊन बसते, असा हिशेब मी जमवला. पहार आणली नव्हती. हिल्माने ठोकून पाहिलेल्या वाटेवर पुन्हा कशाला ठोकायचं? म्हणजे बघा, तिच्या पावलांवर माझा विश्वास होता आणि तिच्या फांद्यांवर नव्हता.

फांद्या ओलांडून सातव्या पावलाला मी पाण्यात होतो.

थंडी वाजली नाही, श्वासच बंद झाला. छाती कुणी मुठीत आवळल्यासारखी. दाभणं घरी खुंटीला. आलो त्या बाजूला वळलो, कोपर कडेवर टेकवलं, कड मोडली. पुन्हा टेकवलं, पुन्हा मोडली. मी मरणार हे मला अगदी स्वच्छ कळलं, आणि तेही मासे चोरायला आलो असताना.

"पाय मार! पोहतोस तसे पाय मार, गाढवा!"

हिल्मा पालथी पडून सरपटत माझ्याकडे येत होती. सकाळपासून ती लव्हाळ्यांच्या आडून माझ्या मागावर होती. मी तिची जागा हुडकतोय, असा तिला संशय होता. तिने गळ्यातली दाभणं काढून माझ्याकडे सरकवली, मग दोरखंड फेकला.

"रोव! ओढ! आडवाच राहा. उठून उभा राहिलास तर दोर सोडून देईन!"

बाहेर आलो तो लोळत. उभं राहायला तिने मला फांद्यांच्या अलीकडे येईपर्यंत दिलं नाही.

तिच्या स्वयंपाकघरात तिने माझे ओले कपडे उतरवले, मला घोंगड्यांत गुंडाळलं आणि कोमट, खूप गोड कॉफी पाजली. मी अंग शेकायला सौना, म्हणजे वाफेची खोली, पेटव म्हणालो तर ओरडली, "इतका गारठलेला माणूस सौनात घालू? जीव घ्यायचाय का तुझा?" दात वाजायचे थांबले तेव्हा समोर बसली.

"फांद्या दिसल्या नाहीत?"

"दिसल्या."

"मग?"

"मावशी, मला वाटलं तुझे मासे आहेत तिथे."

"तुलाच असं वाटतं, की सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

हिल्मा रडायला लागली. आवाज नाही, चेहराही हलला नाही, नुसतं पाणी वाहत होतं. पाण्यात पडलो तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो.

सोमवारी भरल्या दुकानात ती उभी राहिली. आयुष्यभर जे सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही ते तिने मोठ्याने सांगितलं. "माझे पर्च कोल्ह्याच्या खडकापाशी आहेत. खडकापासून दक्षिणेला चाळीस पावलं. तिथे बर्फ पाच बोटं आहे. गळ्यात दोन बोटंही नाही. गळ्यात जाऊ नका. आउलिस पडला होता तिथे."

मग रेइयो म्हणाला, "चला, खडकापाशी मासे नाहीत एवढं तरी पक्कं झालं!" दुकान हसून हसून लोटपोट. मी शपथेवर सांगितलं, तर रेइयोने डोळा मारला, "किती मासे दिले रे तुला?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच हिल्मा गळ्याशी जाऊन उभी राहिली. फांद्यांच्या अलीकडे. गिरमिट नाही, गळ नाही, फक्त पहार. थोड्या वेळाने रेइयो आलाच, सगळं सामान घेऊन.

"काय मावशी, राखण करतेस?"

"हो."

"माशांची?"

"तुझी, मूर्खा."

तो बाजूने जायला लागला, तशी तिने पहार आडवी धरली. रेइयो हसत, पुटपुटत परत गेला. त्याच्यामागून आलेले दोघेही गेले. वर्षातले सगळ्यात चांगले दिवस चालले होते आणि हिल्मा उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत तिथे उभी होती. चार दिवस. गावात सगळे म्हणाले, पाहिलंत, मासे तिथेच आहेत.

पाचव्या दिवशी मी गेलो. "मी उभा राहतो. तू जा खडकापाशी."

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कंटाळशील."

"नाही."

"कॉफीला म्हणून घरी सटकशील."

"सोबत आणलीय."

"रेइयो गोड बोलला की त्याला सोडशील. तुमची दोस्ती आहे."

"मावशी, त्या बर्फाखाली कसं असतं ते गावात मला एकट्याला माहीत आहे."

माझ्या गळ्यातल्या दाभणांची गाठ तिने दोनदा ओढून पाहिली. मी उभा होतो तिथे पहारीचे तीन घाव घातले, कान देऊन ऐकले आणि निघाली. ठक, ठक करत तिची पहार लांब जात होती. मधेच आवाज थांबायचा. ती मागे वळून बघतेय हे मला कळायचं, मग मी हात वर करायचो. खडक येईपर्यंत मी अकरा वेळा हात वर केला.