मोटारघराची वाट

भंडारा रोड स्टेशनवर उतरले, तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. मला न्यायला आलेल्या वच्छलाबाईंनी माझी पिशवी हातातून घेतली आणि आधी एवढंच सांगितलं, "ताई, भट्टीवर मोबाईल बाहेर काढू नोका. मुकादम पाहून राह्यते."

वच्छलाबाई आंधळगावच्या. घरची माणसं तलावात मासे धरतात आणि त्या मोपेडवर टोपली बांधून विकतात. गावाबाहेरच्या वीटभट्टीवर छत्तीसगडहून आलेल्या बायका त्यांची नेहमीची गिऱ्हाइकं. मी पुण्याहून दुसऱ्यांदा आले होते, अशा स्थलांतरित बायकांसोबत अभ्यास करायला. काय विचारायचं, काय लिहायचं आणि काय गाळायचं, ते त्या बायकांनीच ठरवायचं, अशी आमची पद्धत. पुण्यात बसून बोलताना ती फार सोपी वाटते.

त्यांच्या मोपेडवरून जाताना मोहाडी गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना उन्हाळी धानाची हिरवीगार बांधी (धानाचं शेत) आणि मधेच एखादी बोडी (लहान तळं), काठावर बगळे. इतकं शांत, सुंदर दृश्य; पण वच्छलाबाई आरशात सारख्या मागे बघत होत्या, आणि त्यांचं पाहून मीही मान वळवू लागले.

त्यांच्या घरी भात, लाखोळीची डाळ आणि झणझणीत मासोळी जेवलो.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"भेव कायले नाही लागन? मले बी लागते. पन त्या बाया रोज तेथंच ऱ्हातेत ना जी."

दुपारी भट्टीवर पोचलो. मोहाडीचा बाजार होता, मुकादम तिकडे गेला होता. पत्र्याच्या एका खोपीत बायका जमल्या. त्यांच्यात सुकवारो नावाची एक उंच, सावळी बाई होती. ती बोलली की बाकीच्या ऐकत. मागच्या खेपेला त्यांनीच ठरवलं होतं, की भट्टीचा नकाशा काढायचा आणि भीती वाटते त्या जागी कोळसा ठेवायचा. सुकवारोनं विटांच्या लाल भुकटीनं जमिनीवर रेघा ओढल्या : खोपी, भट्टी, बोडी, आणि पाणी भरायचं मोटारघर, म्हणजे पंपाची खोली.

पहिला कोळसा मोटारघरावर पडला. दुसराही. एकीनं कडेवरचं लेकरू खाली ठेवलं, पुढे येऊन आपला कोळसा तिथंच ठेवला आणि तोंडाला पदर लावून मागे सरकली. मोटारघराची किल्ली मुकादमाकडे असते आणि पाण्यासाठी ती त्याच्याकडेच मागावी लागते, हे मला वच्छलाबाईंनी कानात सांगितलं.

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला.

मुकादम लवकर परतला होता. तो दारात उभा राहिला आणि खोपीतला उजेडच गेला. नकाशा पुसायलाही कोणाला वेळ मिळाला नव्हता.

"काय चालू आहे? हे कोळसे कशाचे?"

मग सुकवारो उठली. तिनं हात पाठीमागे धरले.

"उहां भूत हे," ती म्हणाली (तिथं भूत आहे). "अकेल्ला माईलोगन ला धरथे." (एकट्या बाईला धरतं.)

मुकादम हसायला गेला, पण त्याची नजर खाली नकाशातल्या मोटारघरावर गेली आणि हसू अर्ध्यात राहिलं.

"अब हमन सब्बो झन संगे जाबो." (आता आम्ही सगळ्याजणी सोबतच जाऊ.)

मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, निघा. परत दिसू नका."

मी सुकवारोकडे पाहिलं. थांबू का, असं विचारायचं होतं. तिनं हळूच नकारार्थी मान हलवली. "आप जाइए. आप रुकेंगी तो पूछताछ हमसे होगी."

मोपेड निघाली तशी त्याची मोटरसायकलही निघाली. पुढे येईना, मागे राहीना. वच्छलाबाईंची पाठ घामानं ओली झाली होती आणि मी त्यांना घट्ट धरून होते. आंधळगावची पहिली घरं लागली तेव्हा कुठं ती गाडी वळली.

सकाळी वच्छलाबाई टोपली घेऊन एकट्याच भट्टीवर गेल्या. मी अंगणात बसून रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीच्या आवाजाला दचकत होते. माझ्यामुळे काल कोणाला मार बसला असेल, तर? हा प्रश्न विचारायला उशीर झाला होता.

त्या आल्या, चप्पल काढली, पाणी प्यायल्या.

"साऱ्या संग गेल्या पान्याले. लेकरं बी संग. तो बाहेरच उभा होता. आज त् झालं, ताई. उद्याचं कोन सांगते?"

त्याच दिवशी मी परत फिरले. निघताना वच्छलाबाईंनी सुकवारोचा निरोप सांगितला : लिहा, पण आमची नावं नको, भट्टीचं नाव नको. म्हणून इथं माणसांची आणि त्या गावाची नावं खरी नाहीत.

पुण्यात आल्यावर बरेच दिवस फोन वाजला की आधी नाव बघायचे, मगच उचलायचे. एकदा वच्छलाबाईंचाच आला. मोटारघराचं लाकडी दार नाहीसं झालं होतं. बायकांनी ते काढून, फोडून चुलीत घातलं होतं. मुकादम विचारत फिरला, पण कोणी तोंड उघडलं नाही.

"आता कसं आहे तिथं?" मी विचारलं.

"भेव हाये. पन आता तेथं आतलं साऱ्याइले दिसते."

मी फोन ठेवला. माझ्या घराला दार होतं, ते आतून लावता येत होतं, आणि मी ते उठून लावलंही. त्या बायका मात्र दार नसलेल्या मोटारघरात पाणी भरत होत्या, एकमेकींकडे लक्ष ठेवून.